पोळ्याची पोळी बैलाला किती?

(श्रावण महिन्यातल्या प्रभागसंघाच्या सभेत पारनेर तालुक्यातल्या एका पशुसखीताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षताईंनी मला पंधरा मिनिटं दिलीत. आत्ताच कर्जाच्या हप्त्यांचा विषय झाला आणि आता मी जनावरांच्या खाण्यावर बोलणार, म्हणजे तुम्हाला वाटेल विषय बदलला. बदललेला नाही. ज्या शेळीवर, ज्या गाईवर आपण गटातून पैसे उचललेत, ती सणाच्या दुसऱ्या दिवशी दावणीला मरून पडली तरी हप्ता काही थांबत नाही. माझा थांबला नव्हता. ते आधी सांगते, मग पोळ्याकडे येते.

तेव्हा मी पशुसखी नव्हते. गटातून वीस हजार उचलून दोन शेळ्या घेतल्या होत्या. एक संगमनेरी, पांढरी, कानाला तपकिरी ठिपके. दुसरी साधी गावठी काळी. पांढरी चार महिन्यांची गाभण. मे महिना, आपल्या पारनेरचा मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बांधावर काडी नव्हती. शेळ्या बाभळीच्या शेंगांवर आणि इकडून तिकडून आणलेल्या पाल्यावर दिवस काढत होत्या. अशात चुलत दिराच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न झालं, पंगती उठल्या, आणि आचाऱ्याच्या अंदाजापेक्षा माणसं कमी आल्यामुळे भात उरला, बुंदी उरली, चपात्या उरल्या. मी दोन घमेली भरून घरी आणली. मनात काय होतं? लोभ नव्हता हो. एवढ्या उन्हात अर्धपोटी राहिलेल्या माझ्या शेळ्यांना एक दिवस तरी पोटभर मिळावं, त्यांनीही लग्नाचं जेवण जेवावं, एवढंच होतं.

त्या तुटून पडल्या. पांढरीनं काळीला ढुशा देऊन बाजूला केलं आणि जवळजवळ सगळं एकटीनं खाल्लं. मी उभी राहून कौतुकानं बघत होते.

रात्री काही झालं नाही. सकाळी पांढरी उठली, पण गव्हाणीकडे गेली नाही. मला वाटलं पोट भरलंय, म्हणून खात नसेल. दुपारी ती दात खात होती, डोळे खोल गेले होते, लेंड्यांच्या जागी पातळ जुलाब, आणि त्याला आंबट वास. शेजारच्या आजी म्हणाल्या, अपचन झालंय, ताक पाज. मी तांब्याभर ताक पाजलं, वर गुळाचं पाणीही पाजलं. संध्याकाळी ती आडवी पडली. डॉक्टर आले तेव्हा तिचे पाय गार पडले होते. पोटातल्या पिलांसकट गेली. काळी वाचली, कारण तिला खायला मिळालं नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "ताई, उपाशी ठेवली असती तर आठवडाभर तग धरला असता. तुम्ही जेवायला घातलंत." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पुढे पशुसखीचं प्रशिक्षण निघालं तेव्हा मी पहिल्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारला, की भातानं शेळी मरते कशी? भात काय विष आहे?

तर भात विष नाही. पुरणपोळीही विष नाही. गोष्ट पोटाची आहे, आणि ती समजायला आपल्याला फार शिकलेलं असायची गरज नाही, कारण तेच काम आपण रोज रात्री घरात करतो. दुधाला विरजण लावतो. चमचाभर विरजण आणि बेताची ऊब असली की सकाळी छान दही. विरजण जास्त झालं, भांडं उबेला राहिलं, की दही इतकं आंबट होतं की तोंडात घालवत नाही. आंबट करतात ते त्या विरजणातले जिवाणू.

गाई-म्हशी-शेळ्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा हे असंच एक भांडं आहे. मोठ्या संकरित गाईचा हा कप्पा शंभर लिटरच्या पुढे असतो, म्हणजे आपली पाण्याची अर्धी टाकी. त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. गाय चारा खाते असं आपण म्हणतो, पण चारा पचवतात ते जिवाणू, आणि त्यांच्यावर गाय जगते. त्यांना सवय असते कडब्याची, गवताची, पाल्याची. अशात अचानक भात, पोळी, गूळ, पीठ किंवा नुसता दाणा ढिगानं आत गेला, की चारा पचवणारे मागे पडतात आणि आंबवणारे वाढतात. दह्यात जे आम्ल होतं तेच आम्ल इथं तयार होतं, पण घागरीनं. मग चांगले जिवाणू मरतात, रवंथ थांबतो, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, आणि ते आम्ल रक्तात उतरतं. मी ताक पाजलं ना? आंबटात आंबट ओतलं. गुळाचं पाणी पाजलं, म्हणजे आंबवणाऱ्यांना आणखी खाऊ दिला. आजींचा सल्ला प्रेमाचा होता, साध्या अपचनाला कदाचित चाललाही असता, पण इथं तो उलटा पडला.

आणि हे लक्षात ठेवा, किती खाल्लं यापेक्षा सवय होती का, हे महत्त्वाचं. तुमची दुभती गाय रोज चार-पाच किलो खुराक खाते, तिला काही होत नाही, कारण तो हळूहळू वाढवत नेलेला असतो. पोटाला नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. अर्धपोटी, दुष्काळातलं जनावर असेल तर त्याला थोड्यानंही होतं. 2019 साली आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या होत्या, आठवतं ना? अशा वर्षी लग्नसराई आणि चाराटंचाई एकाच वेळी येते. घरात उरलेलं अन्न आणि दारात उपाशी जनावर. दया येते आणि आपण घमेलं उचलतो.

आता पोळा. काही गावांत श्रावणी अमावस्येला, काही गावांत भाद्रपदात, पण आपल्याकडे पोळा चुकत नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, बेगड, झूल, आणि संध्याकाळी मिरवणूक. मिरवणूक झाली की बैल दारोदार ओवाळायला येतात आणि प्रत्येक घरची बाई ताट घेऊन उंबऱ्यात उभी. नैवेद्याची पुरणपोळी बैलाच्या तोंडात.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गावात साठ-सत्तर जोड्या होत्या असं सासरे सांगायचे. ट्रॅक्टर आले. आज आमच्याकडे नऊ जोड्या आहेत. नऊ! पण उंबरे कमी झालेत का? वाढलेत. पूर्वी दोन-तीन घरांमागे एक जोडी होती, आता वीस-पंचवीस घरांमागे एक. ज्यांच्या घरी बैल नाही त्यांनाही पोळा साजरा करायचा असतो, आणि करावाच. त्या वाट बघत बसतात, बैल आमच्या दारात कधी येतो म्हणून. आता हिशेब करा. एक बैल चाळीस दारी गेला आणि प्रत्येक दारी एकच पोळी खाल्ली. पोळी शंभर ग्रॅमची धरा, आपल्या पोळ्या त्याहून जडच असतात. झालं चार किलो. चार किलो गूळ, डाळ आणि गव्हाचं पीठ, एका संध्याकाळी, ज्या बैलाला वर्षभर कडब्यापलीकडे फारसं काही मिळत नाही त्याला. प्रत्येक घर म्हणतं, आम्ही तर एकच दिली. खरंच आहे, प्रत्येकीनं एकच दिलेली असते. बैलाच्या पोटात मात्र सगळ्यांची बेरीज होते.

पितृपक्षातही तेच. गोग्रास एकच असतो, पण एकाच तिथीला दहा घरी पान असतं आणि गल्लीत गाय दोनच. मग खीर, भात, वडे, पुरी सगळं तिलाच.

हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पोळपाट बाजूला सारला. "बैलाचा सण आन् बैलालाच उपाशी ठेवायचं व्हय? तुझं टरेनिंग तुझ्यापाशी ठेव." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं चुकत नव्हतं. वर्षभर राबलेल्या बैलाला सणाला गोड घालू नका असं म्हणणारी सून कुणाला आवडेल? त्या वर्षी मी गप्प बसले. पुढच्या वर्षी मी वेगळं विचारलं. म्हटलं, आई, वसुबारसेला तुम्ही गाईला काय देता? त्या म्हणाल्या, बाजरीची भाकर आन् गवारीची भाजी. का बरं, पुरणपोळी का नाही? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, आमच्या सासूनं तेच दिलं म्हणून. मग त्याच म्हणाल्या, "गाईला ते सोसतं."

आमच्या घरचा तिढा तिथं सुटला. आता आम्ही काय करतो ते सांगते. नैवेद्याची एक पोळी. तिचे चार तुकडे. दोन घरच्या बैलांना, एक गाईला, एक वासराला. ओवाळणी, कुंकू, नमस्कार सगळं पूर्वीसारखं. आणि बैल मिरवणुकीला निघायच्या आधी त्यांना पोटभर वाळला कडबा आणि हिरवी मका. भरल्या पोटी बैल दारोदार तुटून पडत नाही, तोंड लावतो आणि पुढे जातो. दारात येणाऱ्या बैलांना आम्ही पोळीचा नखाएवढा तुकडा देतो आणि ताटात हिरव्या चाऱ्याची जुडी ठेवतो. बैलकऱ्यालाच अख्खी पोळी देतो, तो खूश. सासूबाईच आता शेजारणींना सांगतात, "त्याला चारा दाव, पोळी मालकाला दे." माझं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकतात.

एक गोष्ट मात्र आपल्या ग्रामसंघातच ठरवावी लागेल, कारण ती एका घराची नाही. मिरवणूक घरोघर न नेता मारुतीच्या पारावर सगळ्यांनी एकत्र ओवाळायचं, असं काही गावांत सुरू झालंय. पारावर नैवेद्य ठेवायचा, बैलाला घास एकच. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी भांडू नका. बैलमालकाशी बोला. बैल गेला तर नुकसान त्याचं आहे, तो ऐकतो.

आता जरा नीट ऐका, लिहून घेतलंत तरी चालेल. खाल्ल्याबरोबर काही दिसत नाही. लक्षणं दिसायला बारा तास लागतात, कधी दीड दिवस. म्हणून सण एका दिवशी आणि जनावर आजारी दुसऱ्या दिवशी. मग आपण म्हणतो दृष्ट लागली, मिरवणुकीत कुणाची तरी नजर लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेल्यावर पहिलं बघायचं, रवंथ चालू आहे का. दुसरं, मागच्या बाजूला उभं राहून डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खळगा असतो तिथे मूठ दाबून धरायची आणि दोन मिनिटं थांबायचं. निरोगी जनावराचं पोट आतून मुठीला ढकलतं, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा. अजिबात ढकललं नाही, पोट पाणी भरलेल्या पिशवीसारखं डुचमळलं किंवा ढोलासारखं ताठ लागलं, तर समजा काम बंद पडलंय. तिसरं, शेण बघा. पातळ, आंबट वासाचं, त्यात न पचलेले दाणे. दात खाणं, लटपटत चालणं, कोपऱ्यात खाली मान घालून उभं राहणं, ही पुढची पायरी. आडवं पडून मान पोटाकडे वळवली तर वेळ फार थोडा असतो.

काय करायचं? भात, पोळी, खुराक, आंबोण सगळं बंद. समोर फक्त वाळली वैरण. तहान लागल्यासारखं जनावर बादलीच्या बादल्या पाणी पितं, ते पिऊ देऊ नका. किती आणि कधी द्यायचं ते डॉक्टर सांगतील. उभं राहत असेल तर सावकाश फिरवा. पोट फुगलं असेल तर पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधा, म्हणजे ते चघळतं, लाळ सुटते आणि वायू बाहेर पडायला मदत होते. आणि लगेच फोन. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, नाहीतर 1962 वर. हा नंबर लावायला पैसे पडत नाहीत. फोनवर तीन गोष्टी आधी सांगा: काय खाल्लं, अंदाजे किती, आणि किती वाजता. "जनावर सुस्त आहे" एवढंच सांगितलंत तर डॉक्टरही काय करणार?

खायचा सोडा आम्ल मारतो हे खरं, आपल्या पिठाच्या डब्याशेजारी तो असतोही. पण किती द्यायचा हे वजनावर आहे, शेळीचा वेगळा आणि बैलाचा वेगळा, म्हणून फोनवर विचारून द्या. ताक नाही, गूळ नाही, लिंबू नाही. आणि काहीही पाजताना जीभ बाहेर ओढून, मान वर करून नळीनं ओतू नका. पडलेल्या जनावराला तर अजिबात नाही. ते सरळ फुफ्फुसात जातं. पोटातून वाचलेलं जनावर मग फुफ्फुसानं जातं, असं मी दोनदा बघितलंय.

वाचलेलं जनावरही लगेच पूर्ववत होत नाही. पंधरा-वीस दिवसांनी लंगडायला लागतं, खुरं दुखतात. आपण म्हणतो, काटा रुतला असेल. तो त्या पोळ्यांचाच काटा असतो. दुभत्या गाईचं आणखी एक. दूध तेवढंच, पण डेअरीत फॅट लागत नाही. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. सणाच्या आठवड्यात फॅट एकदम घसरलं की आपण संकलन केंद्रावरच्या मशीनला नावं ठेवतो. मशीनचा दोष कधी असेलही. पण आधी गव्हाणीत बघा, शिळ्या पोळ्या पडल्यात का.

मग उरलेल्या अन्नाचं करायचं काय, हा प्रश्न येतोच. टाकवत नाही, मला पण नाही. पोळ्या, चपात्या उन्हात खडखडीत वाळवून डब्यात ठेवा आणि मोठ्या जनावराला रोज एक-दोन कुस्करून वैरणीत मिसळा. बुरशी आलेली एकही नको, ती उकिरड्यात. भात वाळवून ठेवता येतो, पण तोही मूठभरच. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी उरलेलं शेणात कालवून थोडं थोडं त्यात सोडा. बाकीचं गांडूळखताच्या नाहीतर साध्या खताच्या खड्ड्यात, आणि वर माती. उघडं टाकलंत तर रात्री कुणाची तरी गाय येतेच. ती तुमची नसेल, पण कुणाच्या तरी गटाच्या कर्जाची असेल.

आणि टाकताना कॅरीबॅगला गाठ मारून टाकू नका. 2018 पासून आपल्या राज्यात या पिशव्यांवर बंदी आहे, तरी लग्नात त्या कुठून येतात देव जाणे. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक आयुष्यभर पोटात राहतं, साठत साठत त्याचा गोळा होतो. गाय खाते पण अंगाला लागत नाही, दूध आटतं, आणि कारण कुणाला कळत नाही. तसंच पिना मारलेल्या पत्रावळी, मंडपाची तार, खिळे. जनावर चावून नाही खात, आधी गिळतं, मग रवंथ करतं. तारेचा तुकडा पोटाच्या जाळीच्या कप्प्यात जाऊन बसतो आणि त्याच्या पुढ्यात, हातभर सुद्धा अंतर नाही, काळीज असतं. तार टोचत टोचत तिथवर जाते. पोळ्याला शिंगाला चिकटवलेली बेगड आणि फुगे रात्रीच काढून टाका, दुसरा बैल ती चाटून खातो.

आता कुत्र्या-मांजरांचं. हसू नका. आमचा मोत्या नसता तर बिबट्यानं काळीला केव्हाच नेलं असतं. राखणीचं कुत्रं हे पण घरचं धनच आहे.

आखाडात, जत्रेत, पाहुणचारात कोंबडीची शिजलेली हाडं आपण सहज पुढे टाकतो. कच्चं हाड वाकतं, शिजलेलं फुटून सुईसारखं होतं, आणि घशात नाहीतर आतड्यात रुततं. रश्शातलं कांदा-लसणाचं वाटण, ते कुत्र्या-मांजरांचं रक्त खराब करतं. एका घासानं काही होणार नाही, पण जत्रेत चार दिवस रोज रस्सा-भाकर असेल तर होतं. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते. मांजराला ते कुत्र्यापेक्षाही लवकर बाधतं. मनुके, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. शिऱ्यात, लाडवात, खिरीत मनुके आपण हौसेनं घालतो, तेव्हा तो शिरा मोत्याला नाही. आणि चॉकलेट, चॉकलेटचा केक. आता वाढदिवस वस्तीवरही होतात, पोरं केकचा तुकडा कुत्र्याला चारतात आणि फोटो काढतात. चॉकलेट माणसाच्या अंगातून लवकर बाहेर पडतं, कुत्र्याच्या अंगातून नाही. उलट्या, धाप, थरथर, झटके. पोरांना हे तुम्हीच सांगा, ते माझं ऐकणार नाहीत. मोत्याला सणाला काय देता मग? साधी भाकरी, अळणी वरण, वाटण घालायच्या आधी बाजूला काढलेला बिनहाडाचा मटणाचा तुकडा. तो काही तक्रार करत नाही.

विम्याचं एका मिनिटात सांगते, अध्यक्षताई घड्याळ बघताहेत. ज्यांच्या जनावराचा विमा आहे त्यांनी जनावर दगावलं तर घाईनं पुरू नका. विमावाल्यांना आणि डॉक्टरांना आधी कळवा. कानातला बारा आकडी बिल्ला काढून फेकू नका, शवविच्छेदनाचा दाखला घ्या. माझ्या पांढरीचा विमा नव्हता. त्या कर्जाचे उरलेले हप्ते मी काळीच्या करडांवर फेडले, दीड वर्ष लागलं.

कुणाला काही विचारायचंय?

(सभेतून एका मावशींनी विचारलं: "मग सणाला बैलाला गोड म्हणून काहीच द्यायचं नाही का?")

द्या ना मावशी. त्याला गोड काय लागतं ते त्यालाच विचारा. पोळ्याच्या दिवशी औताला जुंपू नका. सकाळी ओढ्यावर नेऊन सावकाश घासून धुवा. खांद्यावर जिथे जू बसतं तिथे तूप-हळद चोळा. हिरव्या मक्याची पेंढी टाका, मिठाचा खडा चाटायला ठेवा. संध्याकाळी तुमच्या पोळीचा चतकोर द्या. मागच्या वर्षी मी बघत होते, आमच्या बैलानं तो चतकोर हुंगला, चाटला, आणि आधी मका खाल्ली.